चारशे सतरा, रिकामा

१

दोष माझ्या बापाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात काही बिघडलं की दोष कुणाचा यावर इतका खल होतो की बिघडलेलं तसंच राहून जातं. आई म्हणते, नशिबाचा. डॉक्टर म्हणाले, उशिराचा. बाप अजूनही म्हणतो माझा, कारण वास मी घेतला होता. वास मी घेतला हे खरं आहे. पण नियम त्याचा होता.

बाप बत्तीस वर्षं एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. बाटल्या धुवायच्या, सांगाडे पुसायचे आणि आपल्याहून वीस वर्षांनी लहान माणसांना ‘हो सर’ म्हणायचं. त्याच कॉलेजात त्याने हातापाया पडून मला चिकटवलं आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्येच मी ते सोडलं. त्याच्या मते मी त्याचं नाक कापलं. ते नाक तसंही कामाचं राहिलं नव्हतं. बत्तीस वर्षं फॉर्मालिनच्या बाटल्यांवर वाकून त्याला कसलाच वास येईनासा झाला होता. आमच्याकडे दूध करपलं तर शेजारीण येऊन सांगायची.

निवृत्त झाल्यावर तो शंख-शिंपले जमवायला लागला. छंद म्हणून नाही. त्याला असा एक शंख हवा होता जो कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणजे त्या शंखाला बापाचं नाव मिळेल.

“सरांची नावं आहेत गोगलगायींना,” तो म्हणायचा. “त्यातल्या दोन मी चिखलात गुडघाभर उतरून पकडलेल्या.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. कीव यायची पूर्वी. नंतर कंटाळा यायला लागला.

२

मी दुकानांवर पाट्या लावायचं काम धरलं होतं. एका चष्म्याच्या दुकानाची पाटी लावताना शिडी सरकली आणि मी खाली आलो. उजव्या पायाच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. मोबाइल माझ्याआधी खाली पोचला होता, त्याचा चुरा झाला. नवा घ्यायचा तर स्वतःच्या कमाईतून घे, असं बाप म्हणाला. पडून राहिलेल्या माणसाला असली वाक्यं त्याला बरोबर सुचतात.

मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मी जाणार होतो. माझा एक मित्र आहे, सहा फूट उंच, म्हणून त्याला आम्ही बुटक्या म्हणतो. त्याने दुसऱ्या शहरात पाट्यांचंच काम घेतलं होतं आणि खोलीही. शिडीवर चढणारा माणूस त्याला हवा होता. “प्लास्टर निघालं की ये, जागा धरून ठेवतो,” असं तो घरी येऊन सांगून गेला. प्लास्टर निघायचं होतं सहाव्या आठवड्यानंतरच्या सोमवारी. मी दिवस मोजत होतो. त्या घरातून बाहेर पडायला मला फक्त दोन पाय हवे होते.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. लिफ्ट नाही. आतली खोली माझी, म्हणजे मी कॉलेज सोडेपर्यंत माझी. मग बापाने कॉलेजच्या भंगारातलं सोळा खणांचं कपाट आणून तिथे बसवलं. उन्हाने शंखांचा रंग उडतो म्हणून कपाट नेमकं खिडकीसमोर. वर वीतभर फट उरली होती, तेवढाच उजेड. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये माझी कॉट. हात लांब केला की नवव्या खणाची मूठ हाताला लागायची.

आई सकाळी दहाला दाताच्या दवाखान्यात जायची. तिथे ती पेशंटना नंबर देते, डॉक्टरांची हत्यारं उकळते. बाप बाराच्या सुमारास पिशवी घेऊन समुद्रावर. दोघं पाचपर्यंत परतायचे. जाताना बाप बाहेरून कुलूप लावायचा. “तू काय उठून दार उघडणार आहेस?” हे त्याचं म्हणणं. बरोबरच होतं. बारा ते पाच मी, कपाट आणि उशाशी ठेवलेलं भांडं.

३

मला रिकामा बसू देईल तो माझा बाप कसला. दुसऱ्या दिवसापासून त्याने मला लेबलं लिहायला लावलं. मांडीवर फळी, फळीवर कागदाच्या पट्ट्या. नंबर, तारीख, कुठे सापडला, अखंड की फुटका. आणि शेवटी एक शब्द: रिकामा.

या शब्दाला आमच्याकडे फार मान. शंखात मांस राहिलं तर ते कुजतं आणि सगळा खण नासतो. म्हणून शंख उकळायचा, वाकवलेल्या सुईने आतलं ओढून काढायचं, मग वाळवायचा. पण उकळल्याने चकाकी जाते असं बापाने ठरवून टाकलं होतं. म्हणून तो मेलेले शंख गोळा करायचा, आठवडाभर सुकवायचा आणि मग परीक्षा. पेन्सिलने तीनदा टकटक करायची, कानाशी धरायचा आणि शेवटी वास घ्यायचा. वास आला तर आत मांस आहे. वास नाही तर रिकामा. वास घ्यायला नाक लागतं, ते त्याच्याकडे नव्हतं, म्हणून माझं.

चारशे सतरा नंबरचा शंख अंगठ्याच्या नखाएवढा होता. राखाडी, अंगावर आडव्या कंगोऱ्यांच्या ओळी, तोंड एका बाजूला तिरकं. त्या तोंडावर पातळ तपकिरी झाकण, नखासारखं कडक, घट्ट बसलेलं.

“हे झाकण कसं काय राहिलं?” मी विचारलं. “मेल्यावर गळून पडतं ना?”

“वा. दीड वर्षात एवढं शिकलात साहेब?” बाप खूष होता, म्हणून टोमणा मऊ होता. “वाळून बसलंय जागच्या जागी. झाकणासकट अख्खा नमुना. नशीब लागतं. वास घे.”

मी घेतला. कसलाच वास नव्हता. साध्या दगडाला येतो तेवढाही नाही.

“नाही,” मी म्हणालो.

“मग लिही.”

मी लिहिलं. चारशे सतरा. अखंड. रिकामा. नवव्या खणात, कापसावर, तोंड खाली.

त्या नियमात काय चूक होती हे एखाद्या शाळकरी पोरालाही कळलं असतं. मेलेलं सडतं, म्हणून वास येतो. ज्याला वास येत नाही ते रिकामं असेल, किंवा मेलेलं नसेल. बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला हे सुचलं नाही. आणि मला सुचलं नाही, कारण मला त्या घरातलं काहीही मनावर घ्यायचं नव्हतं.

४

पहिलं भोक चारशे सोळाला पडलं.

तो एक पांढरा शिंपला होता, बशीसारखा. मी लेबलावर ‘अखंड’ लिहिलं होतं. आठ दिवसांनी बापाने खण ओढला तेव्हा शिंपल्याच्या वरच्या टोकाजवळ एक भोक होतं. गोल. इतकं गोल की बघून राग यावा. बाहेरून रुंद, आत जाताना निमुळतं, कडेला ओरखडा नाही. खाली कापसावर पिठासारखी पांढरी भुकटी.

“काय केलंस हे?”

“मी? कशाने करणार? दातांनी?”

बापाने भिंगातून पाहिलं. मग आवाज बदलला. “हिंस्र गोगलगायीचं काम आहे. शिंपल्यावर बसते, कवच मऊ करते, जिभेने खरवडते, भोक पाडून आतलं खाते. समुद्रातलंच असणार. जुनं आहे.”

“मी अखंड लिहिलंय.”

“म्हणजे तू बघितलं नाहीस. डोळे आहेत का बटणं?”

“आणि ही भुकटी?”

“कापसाची असेल.”

संध्याकाळी आईने तो शिंपला उजेडात धरला. ती एरवी या कपाटाच्या वाटेला जात नाही. म्हणाली, “आमचे डॉक्टरसुद्धा इतकं सरळ पाडत नाहीत.” मग बापाचा चेहरा बघून शिंपला खाली ठेवला. “जुनंच असेल. हे म्हणतायत तर.”

पुढच्या चार दिवसांत चारशे पंधरा आणि चारशे चौदा. पंधराच्या वेळीही बाप म्हणाला जुनं आहे. तिसऱ्या वेळी त्याने भिंग खाली ठेवलं, आणि त्याच्या तोंडावर मला जे दिसलं ती भीती नव्हती. तो माणूस आनंदाने लाल झाला होता.

चारशे सतरा आपल्या जागी होता. कापसावर, तोंड खाली. मी त्याच्याभोवतीचा कापूस सारून लेबलाच्या पेन्सिलने लाकडावर एक गोल काढून ठेवला होता. तो गोलातून केसभर हलला नव्हता.

५

दुपारी आवाज यायचा.

आधी मी लाकडातली कीड असेल असं धरलं. मग उंदीर. मग वरच्या मजल्यावरचा म्हातारा, जो दिवसभर काहीतरी घासत असतो. मी काही भोळसट नाही. पडून राहिलेल्या माणसाला आवाज मोठे वाटतात, हे मला माहीत आहे. म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळावर वेळ लावून ऐकलं. बारीक खरखर, वाळू दोन बोटांत चोळावी तशी. मिनिटभर. मग थांबायचं. पाऊण-एक तास काही नाही. मग पुन्हा मिनिटभर. उंदीर असा घड्याळ लावून कुरतडत नाही, आणि वरचा म्हातारा दुपारी झोपतो, त्याचं घोरणंही मला ऐकू यायचं.

मी मुठीला हात घालून खण ओढला की आवाज बंद. आत सगळं जागच्या जागी. फक्त भुकटी थोडी जास्त.

मला सगळ्यात जास्त छळलं ते भोकांनी नाही. ते शिंपले रिकामे होते, याने छळलं. मी स्वतः तपासलेले, वाळलेले, आत काही नसलेले. एका जेवणाच्या वेळी मी बापाला विचारलं.

“रिकाम्यात भोक पाडून त्याला मिळतं काय?”

“त्याला काय लेबल वाचता येतंय?” बाप हसला. खूप दिवसांनी त्याने माझ्याशी विनोद केला होता. “आत शिरल्याशिवाय त्याला कळणार कसं?”

“म्हणजे तो जिवंत आहे, तुम्हाला मान्य आहे.”

“तीन आठवडे कोरड्यात राहून, जागचा न हलता, भोकं पाडणारी जात कुणी बघितलीय?” त्याने घास तोंडाजवळ धरून ठेवला होता. “मी कॉलेजातल्या सरांना पत्र टाकलंय. फोटोसकट. ते येतायत.”

“फेकून द्या तो. उकळा तरी.”

“उकळा,” बाप आईकडे बघून म्हणाला. “ऐकलंस? आयुष्यात एक गोष्ट हाताला लागली, तर म्हणे उकळा.”

“तू त्यांच्या कपाटात पडू नकोस रे,” आई मला म्हणाली.

मी कपाटात पडत नव्हतो. कपाट माझ्या अंगावर आणून ठेवलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुबड्या ओढून घेतल्या, उभा राहिलो आणि खण उघडला. चारशे सतरा उचलून स्वयंपाकघरात जायचं, भांड्यात पाणी घालायचं, गॅस पेटवायचा. एवढंच. शंख चिमटीत धरला तर तो गार लागला, आणि त्याच्या आकाराला शोभणार नाही इतका जड. झाकण आत खोल गेलं होतं. मी बघत असताना ते हळूच वर आलं आणि कडेला टेकलं. दार आतून लावून घ्यावं तसं.

मी तो टाकला. तोल गेला, मी कपाटावर आदळलो, दोन खण खाली आले. बाप नेमका बस चुकली म्हणून परत येत होता. त्याला दारातून दिसला तो जमिनीवर पडलेला मी आणि माझ्या भोवती त्याचे सत्तरेक शंख.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एकेक शंख वेचला. चारशे सतरा फुंकर मारून कापसावर ठेवला. मग सगळ्या कपाटाला आडवी लोखंडी पट्टी होती ती बसवली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मला काखेत हात घालून कॉटवर टाकलं आणि कुबड्या बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवल्या.

“पडशील पुन्हा,” तो म्हणाला. “काही लागलं तर हाक मार.”

“कुणाला? तुम्ही बारा ते पाच नसता.”

“पाच तास कळ काढता येत नाही? मी बत्तीस वर्षं काढली.”

७

कुलूप लागल्यावर आवाज थांबला. दोन दिवस मी शांत झोपलो आणि स्वतःवर हसलोसुद्धा. चार आठवडे एका खोलीत ठेवलं तर माणसाला शंखाचं झाकणही हलताना दिसतं, अशी मी समजूत घातली. समजूत चांगली होती.

तिसऱ्या दिवशी उशाच्या स्टुलावर ठेवलेल्या खडूला भोक होतं. खणांवर नंबर घालायला आणलेला साधा पांढरा खडू. त्याच्या बरोबर मध्ये, आरपार, बाहेरून रुंद, आत निमुळतं.

मी खडू बापाला दाखवला. त्याने कुलूप काढलं, नववा खण ओढला. चारशे सतरा पेन्सिलच्या गोलात, तोंड खाली. बापाने कुलूप पुन्हा लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खडू चादरीखाली लपवला. जणू तो मीच टोकरला होता.

त्यानंतर आवाज आला तो स्टुलावरून नाही.

कुठून येतोय ते मला आधी कळेना. जवळून येत होता. कान उशीला लावला की यायचा, उचलला की कमी व्हायचा. मग लक्षात आलं की तो कानाने ऐकू येतच नाहीये. हाडातून येतोय. मिनिटभर खरखर, मग पाऊण तास काही नाही. त्या पाऊण तासात पोटरीच्या मागे, प्लास्टरच्या आत कुठेतरी, नाण्याएवढा गारवा.

गुडघा वाकत नव्हता. पाय मला उचलता येत नव्हता, वळवता येत नव्हता. पोटरीची मागची बाजू गादीवर टेकलेली. माझ्याच अंगाची ती जागा मला आठवडाभर दिसणार नव्हती.

आईने चादर बदलताना पांढरी भुकटी झटकली.

“आई, ती बघ. ती बघ ना, कुठून पडतेय.”

“प्लास्टर आहे. झडायचंच.”

“एका जागी झडतं?”

“तू हलतोस का कमी?” तिने चादरीची घडी हनुवटीखाली धरली. “सात दिवस राहिले. सात दिवस गप्प पडून राहा. मग जा तुझ्या त्या बुटक्याकडे, मी नाही अडवणार. यांनाही मी सांगेन.”

हे ती खरंच बोलली. तिला मला सोडायचं होतं, हे मी मान्य करतो. फक्त सात दिवसांनी.

बाप भिंग घेऊन आला. वरून पाहिलं, बाजूने पाहिलं. पाय उचलून खाली बघा म्हटलं तर म्हणाला, हाड सरकेल. “खाज सगळ्यांनाच सुटते,” त्याने निकाल दिला. मग त्याला गंमत सुचली. खिशातली पेन्सिल काढून त्याने प्लास्टरवर तीनदा टकटक केली आणि कान लावला.

“भरलेला आहे,” तो आईला म्हणाला आणि दोघं हसली.

मी हसलो नाही. टकटक झाल्यावर आतून काहीतरी गप्प झालं होतं. ऐकत होतं.

८

मी आईला दवाखान्यातला आरसा मागितला. डॉक्टर तोंडात घालतात तो, लांब दांड्याचा, नाण्याएवढा. प्लास्टरच्या आत खाजवायला पट्टी घालतो, कुठे जखम होतेय का बघायचंय, असं खोटं सांगितलं. खोटं तिला लगेच पटलं. मंगळवारी सकाळी तिने तो आणून दिला, परत द्यायच्या बोलीवर.

बारा वाजता कुलूप लागल्याचा आवाज झाला. मी उशी दुमडून टाचेखाली सारली. त्याला वीस मिनिटं लागली आणि घामाने चादर भिजली. पोटरीखाली दोन बोटं जागा झाली. वरच्या फटीतून येणारा उजेड तिथपर्यंत पोचत नव्हता, म्हणून मी पाण्याचं स्टीलचं भांडं तिरकं धरून उजेड पाडला. दुसऱ्या हातात आरसा.

भोक होतं. मला माहीतच होतं की असेल. शिंपल्यांवरच्या भोकांहून बरंच मोठं, रुपयाच्या नाण्याएवढं. बाहेरून रुंद, आत निमुळतं, कडा गुळगुळीत. किती सुबक, हा पहिला विचार आला, त्याची मला अजून लाज वाटते.

आत अंधार दिसायला हवा होता. किंवा कापूस, किंवा माझं कातडं.

भोकाच्या तळाशी एक झाकण होतं. पातळ, तपकिरी, नखासारखं. आतून लावलेलं.

भांडं सरकलं म्हणून उजेड हलला, की झाकणच हललं, हे मी सांगू शकत नाही. आरसा हातातून गेला. मी पाच वाजेपर्यंत हाका मारल्या. वरच्या म्हाताऱ्याने दोनदा काठी आपटली, गप्प बस म्हणून.

संध्याकाळी बाप आला, आई आली. मी सांगितलं. आईने वाकून आरशात पाहिलं. “भोक आहे हो,” ती म्हणाली. “पण आत काही नाही. काळं दिसतंय.” मग माझ्याकडे बघून, “टोकरलंस ना पट्टीने?”

“कपाट उघडा,” मी बापाला म्हणालो. “नववा खण.”

त्याने उघडला. चारशे सतरा गोलात होता. बापाने तो उचलला, आणि उचलताना त्याचा हात वर उडाला. वजन असेल असं समजून आपण रिकामा डबा उचलतो तसा. त्याने शंख उलटा केला. तोंड उघडं होतं. झाकण नव्हतं. त्याने उजेडात धरलं तर आत शेवटच्या वळणापर्यंत गुलाबी, स्वच्छ, कोरडं.

“बघ,” बाप म्हणाला, आणि त्याचा आवाज समाधानाने भरून आला होता. “रिकामा. मी पहिल्यापासून काय सांगत होतो?”

९

मी म्हणालो, आत्ता हॉस्पिटल. आत्ताच्या आत्ता कापा हे. बाप म्हणाला, तीन जिने आहेत, दोन माणसं लागतील, गाडी लागेल, आणि परवा सर येतायत. सोमवारी जायचंच आहे. मी शिव्या दिल्या. बापाला कुणी देऊ नयेत तसल्या दिल्या. मी प्लास्टर कॉटच्या लोखंडी कडेवर आपटलं, तर त्याने माझा पाय दोन उशांच्या मध्ये चादरीने कॉटला बांधून टाकला. “हाड सरकेल,” तो परत परत म्हणत होता. “तुझ्याच भल्यासाठी.” आईने गाठ मारायला मदत केली. रडत होती, पण गाठ नीट मारली.

बुधवारी दिवसभर आवाज आला. मध्ये पाऊण तास नव्हता आता. दुखत नव्हतं, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. अजिबात दुखत नव्हतं. गुडघ्याखाली फक्त गार होतं आणि दर तासाला थोडं हलकं.

गुरुवारी पहाटे आवाज थांबला.

सर अकराला आले. बापापेक्षा वीस वर्षांनी लहान, घाईत, हातात गाडीची किल्ली. बापाने नवा शर्ट घातला होता. त्याने चारशे सतरा काळ्या कापडावर ठेवून पुढे केला. सरांनी दोन बोटांत धरला, फिरवला, परत दिला.

“हा तर कुठेही मिळतो,” ते म्हणाले. “खडकावर बादलीभर सापडतील. तुम्हीच तर आणायचात आमच्यासाठी.”

“पण सर, ही भोकं...”

“जुनी असतील.”

बाप ‘हो सर’ म्हणाला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती.

मग सर थांबले. नाकाला रुमाल लावला. कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कॉटला बांधलेल्या पायाकडे.

“इथे कसला वास येतोय?”

“वास नाही सर,” बाप म्हणाला. “आमच्याकडे सगळे रिकामेच ठेवतो.”

मला वास सकाळपासून येत होता. आईलाही येत असणार. आम्हा तिघांत नियम बापाचा होता आणि एकट्या बापालाच नाक नव्हतं.

१०

सरांच्याच गाडीतून मला नेलं. प्लास्टर कापायला करवत लावली तेव्हा मी छताकडे बघत होतो. करवत थांबली. दोन अर्धे उघडल्याचा आवाज आला, शिंपला उघडावा तसा. मग डॉक्टरांनी नर्सला दार लावून घ्यायला सांगितलं.

मी बघितलं नाही. मला बघू दिलं नाही, आणि मीही हट्ट केला नाही. झाकण सापडलं का, एवढंच विचारलं. “कसलं झाकण?” असं डॉक्टर म्हणाले. आत काही सापडलं नाही. जे असायला हवं होतं त्यातलंही फारसं काही नव्हतं, असं त्यांच्या आवाजावरून मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आईबापाला बोलावून पायाचा एक्स-रे फोटो दाखवला. मी शेजारीच पडलो होतो.

“हाडाला हे भोक आहे,” डॉक्टर म्हणाले. “गोल. बाहेरून रुंद, आत अरुंद. असं जंतुसंसर्गाने पडत नाही. कुणी पाडलं?”

बापाने फोटो हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. भिंग शोधायला त्याचा हात खिशाकडे गेला.

“जुनं असेल,” तो म्हणाला.

आई दवाखान्यात इतकी वर्षं दातांतली भोकं बघत आली आहे. तिने फोटोकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. ‘हे म्हणतायत तर’ असं ती त्या दिवशी म्हणाली नाही. त्यानंतर कधीच म्हणाली नाही. काही उपयोग नव्हता.

बुटक्याने महिनाभर वाट पाहिली, मग दुसरा माणूस घेतला. शिडीवर चढणारा.

कपाट अजून खिडकीसमोर आहे. कॉट तिथेच आहे. माझा उजवा पाय गुडघ्याखाली चार बोटं ठेवून कापला, आणि मी त्याच खोलीत राहतो.